पासवर्ड बरोबर, तरी लॉगिनचं पान पुन्हा समोर

द्राक्षबाग_पिंपळगाव: क्रोममध्ये द्राक्षखरेदीदाराच्या पोर्टलवर पासवर्ड टाकला की चूक दाखवत नाही, पण फिरून लॉगिनचंच पान येतं. मोबाईलवर चालतं. सगळ्या कुकीज (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी) उडवू का?

सिडकोकर: सगळ्या नको, बाकी साइटांवरूनही बाहेर पडाल. आधी इनकॉग्निटोत, म्हणजे क्रोमच्या खाजगी खिडकीत पाहा. तिथे चाललं तर दोष बहुधा जुन्या कुकीचा किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा (क्रोमला जोडलेल्या जादा प्रोग्रामचा). मग पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह दाबून कुकीज आणि साइट डेटामध्ये फक्त त्या साइटचा डेटा काढा, टॅब बंद करून पत्ता हाताने टाइप करा. बुकमार्क वापरू नका; बुकमार्कमध्ये कधी कधी मुदत संपलेली लिंकच साठलेली असते.

गोदाकाठ: संगणकाचं घड्याळही बघा. तारीख पुढे गेली असेल तर कुकी मिळताक्षणी मुदत संपलेली ठरू शकते आणि ब्राउझर ती फेकून देतो. चूक न दाखवता लॉगिन फिरत राहतं ते यानेही. लॉगिन दुसऱ्या डोमेनवर, म्हणजे वेगळ्या साइट-पत्त्यावर होत असेल तर थर्ड-पार्टी (दुसऱ्या साइटच्या) कुकीजवरची बंदी तेवढ्या साइटपुरती उठवा.

पंचवटीकर: 'पासवर्ड चुकीचा' असा संदेश आला तरच पासवर्ड मॅनेजरकडे (पासवर्ड साठवून आपोआप भरणाऱ्या सोयीकडे) वळा. एकाच साइटच्या कधी कधी दोन नोंदी असतात, जुनी नोंद आपोआप भरली जाते. डोळ्याचं चिन्ह दाबून भरलेला पासवर्ड वाचा, जुनी नोंद काढा. कॉपी-पेस्ट करताना शेवटी चिकटलेली रिकामी जागा मात्र डोळ्यांना दिसत नाही!

द्राक्षबाग_पिंपळगाव: घड्याळच होतं. तारीख पुढे गेली होती.

गोदाकाठ: संगणक बंद केल्यावर घड्याळ पुन्हा बिघडलं तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) घड्याळाचा सेल बदला, बहुधा सीआर२०३२ असतो.