‘रेडिओ उत्सर्जन’ की ‘रेडिओ किरणोत्सर्ग’?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
शाळेत विज्ञान दिनाचं भित्तिपत्रक चाललंय. विषय दीर्घिकासमूहाच्या मधोमध असणाऱ्या महाकाय दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अवाढव्य मेळे) आणि तिथून येणाऱ्या रेडिओ लहरी. मी ‘रेडिओ उत्सर्जन’ लिहिलं, तर एक पोरगी म्हणे, "सर, उत्सर्जन तं किडनीच्या धड्यात हाये. थे दीर्घिका काय बाहीर टाकते मंग?" सोबतचे शिक्षक ‘किरणोत्सर्ग’ सुचवतात. काय लिहू?

उत्तर (अमरावती)
‘किरणोत्सर्ग’ नको, सर. तो वाचला की युरेनियम नि अणुभट्टी डोळ्यांपुढे येते. इथे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात, त्यातून रेडिओ लहरी निघतात. शास्त्रीय नाव ‘सिंक्रोट्रॉन प्रारण’, पण पत्रकावर ते जड होईल. कार्बन उत्सर्जन पेपरात रोज असतं, तेव्हा ‘उत्सर्जन’च ठेवा.

उत्तर (मेहकर)
पोरीचा प्रश्न फार मोलाचा आहे, तो शब्दापाशी सोडू नका. कन्या समूहातली एम ८७ ही दीर्घिका घ्या, आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर. तिच्या केंद्रातून निघालेली सरळ रेघ खगोलशास्त्रज्ञ हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्येच नोंदवली होती. केंद्रात सुमारे साडेसहा अब्ज सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. त्याच्याकडे ओढला जाणारा सगळाच वायू आत जात नाही. काही पदार्थ प्रचंड वेगाच्या झोतांतून बाहेर फेकला जातो; ती रेघ म्हणजे असाच एक झोत. रेडिओ लहरी येतात त्या या झोतांतून.

आणि ही टाकाऊ घाण नव्हे. ययाती समूह पाहा, मध्यभागी एनजीसी १२७५ ही दीर्घिका. दीर्घिकांच्या मधला वायू कोट्यवधी अंश तापलेला असतो, तो क्ष-किरणांत दिसतो. जिथे झोतांनी रेडिओ लहरी सोडणारा पदार्थ भरलाय, तिथे क्ष-किरण मंद पडतात. एरवी हा वायू निवत गेला असता आणि त्यातून भराभर तारे घडले असते. तसं फारसं होत नाही, कारण झोतांची ऊर्जा त्याला पुन्हा तापवते.

त्या मंद जागांना सगळे ‘पोकळी’ म्हणतात, मला ते खटकतं. आपली मुलं ‘निर्वात पोकळी’ शिकलेली असतात, त्यांना ती जागा रिकामी वाटेल. ‘बुडबुडा’ म्हणा. आजूबाजूच्या वायूपेक्षा तो हलका असतो आणि खरोखरच वर, म्हणजे समूहाच्या केंद्रापासून बाहेर, सरकतो. भुजंगधारी समूहातल्या अशाच एका अवाढव्य बुडबुड्याची खात्री २०२० मध्ये पटली, त्यात नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ महादुर्बिणीची निरीक्षणं होती. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या! पत्रकावर हे हवंच.

उत्तर (कारंजा)
एक भर. ‘रेडिओ’ म्हटलं की पोरांना आवाज वाटतो. लहरी प्रकाशाच्याच जातीच्या, हे स्पष्ट लिहा. ययाती समूहाचा ‘आवाज’ म्हणून व्हॉट्सॲपवर जे फिरतं, ते क्ष-किरण चित्रात दिसलेल्या वायूतल्या दाबलहरींवरून केलेलं आहे, तेही कित्येक सप्तकं वर चढवून. रेडिओ लहरींशी त्याची गल्लत करू नका.

प्रश्नकर्ते
आभारी आहे. वाक्य असं केलं: ‘दीर्घिकेच्या केंद्रातून सुटलेल्या झोतांतले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी उत्सर्जित करतात.’ ‘समूह’ ठेवू की ‘गुच्छ’?

उत्तर (अमरावती)
‘समूह’. कृत्तिकेला आपण तारकागुच्छ म्हणतो, तिथे घोटाळा होईल.