मुलींसाठी टिपून ठेवलेलं रोजचं घर: गोव्यातले अनुभव

बारसं, वाढदिवस, लग्न यांचे व्हिडिओ बहुतेक घरांत असतात. इथे विचारायचं आहे ते बाकीच्या दिवसांबद्दल. ज्या दिवशी विशेष काहीच नव्हतं त्या दिवशीचं घर तुम्ही मुलींसाठी कसं टिपून ठेवलंत? तुमचा छंद त्यांच्यापर्यंत कसा पोचवलात? किंवा तुमच्या वडिलांनी तुमच्यासाठी काय ठेवलं? मोबाइलवरचं लिहा, वहीतलं लिहा, कॅसेटवरचं असेल तर जरूर लिहा.

सुरुवात मी करतो. आम्ही फोंड्याचे, घरात दोन मुली. मी चित्रापेक्षा आवाज जास्त घेतो. मोबाइल समोर धरला की मुलींचं बोलणंच बदलतं. तोच फडताळावर ठेवून नुसतं ध्वनिमुद्रण लावलं की थोड्या वेळात त्या विसरून जातात. सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा रबरी भोंगा वाजला की मी रेकॉर्डिंग सुरू करतो. थोरलीला कडक उंडो हवा असतो, धाकटीला कोंड्याची पोळी, आजीला चहात बुडवायला बांगडीच्या आकाराचं काकण. पैसे घेऊन दारात कोणी जायचं यावरून रोज भांडण. भांडण कोकणीत. शाळेचा विषय निघाला की त्यात इंग्रजी शिरतं. संध्याकाळी थोरली आजीला मराठी पेपर वाचून दाखवते, तेव्हा तीच चुरुचुरु बोलणारी मुलगी एकेका जोडाक्षरापाशी अडते आणि आजी न बघता शब्द पुरवते. फोटोत यातलं काय येणार? मोठेपणी मुलींना आठवण येईल ती या गोंगाटाची, आणि नेमका तोच टिपायचा राहून जातो असं मला फार वाटतं. म्हणून हा विषय काढला.

वाळपई, सत्तरी

आमच्याकडे चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं, सामान आणायला रानात जायचं असतं. माझा छंद झाडापेडांचा, आणि तिन्ही मुली लहानपणापासून माझ्याबरोबर येतात. दरवर्षी मिळालेली प्रत्येक वस्तू मी मुलीच्या तळहातावर ठेवून फोटो काढतो. कांगलां, लालभडक कवंडळ, कुड्याच्या शेंगा, घागऱ्या. तळहातामुळे फळाचा आकार कळतो, एवढाच हेतू होता. आता जुने फोटो ओळीने लावले की कवंडळ तेवढंच राहतं आणि हात मोठा होत जातो. थोरलीच्या पहिल्या फोटोत ते फळ दोन्ही हातांत धरलेलं आहे, परवाच्या फोटोत दोन बोटांत.

फोटोबरोबर वहीत तीन गोष्टी लिहितो: कुठल्या डोंगरावर मिळालं, वेल होती की झाड, आणि आमच्या आईने त्याला काय म्हटलं. आई जी नावं सांगते त्यांतली काही शेजारच्या गावातही वेगळी आहेत. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत लोक शेकडो वस्तू मांडतात, त्याचं कौतुक आहेच. पण आम्ही मुलींना शिकवलंय की वेल एकच दिसली तर तिचा फोटो घ्यायचा आणि ती तशीच ठेवायची. वहीत अशा न तोडलेल्या वेलींचं पान वेगळं आहे, आणि ते धाकटी सांभाळते.

मडगाव

मी आई म्हणून लिहिते. आमच्याकडे कॅमेरा माझ्या यजमानांचा. मुली लहान होत्या तोवर सगळं चालून गेलं. थोरली आठवीत गेल्यावर म्हणाली, "पप्पा, म्हाका विचारल्याबगर काडूं नाका." ते त्यांनी मनावर घेतलं. आता आधी विचारायचं, मुलीने पुसायला सांगितलं तर तिच्यासमोर पुसायचं, आणि घरासाठी घेतलेलं काहीही नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं नाही. त्यामुळे रेकॉर्डिंग कमी झालं हे खरं. पण मुली आता स्वतःहून बोलावतात, "हें घे, हें घे" म्हणून. माझी सर्व वडिलांना विनंती आहे की हे मुलींच्या तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आधीच ठरवा.

पेडणे (सध्या पुण्यात)

मी मुलगी. माझे बाबा गावच्या आरती मंडळात घुमट (मातीच्या भांड्याचं तालवाद्य) वाजवायचे. घरी टेपरेकॉर्डर होता आणि सरावाच्या वेळी ते तो लावायचे. दर वेळी आधी तारीख बोलायचे, मग हवामान: "आज पाऊस लागलाय, वीज गेलीय, सेलवर चाललंय." मध्येच आई कोणाला तरी चहा विचारते. मी तीन-चार वर्षांची असताना झांजा हातात घेऊन भलत्याच ठेक्यात वाजवते आणि बाबा मला न थांबवता माझ्या ठेक्याशी जुळवून घेतात. हे मला कॅसेट ऐकेपर्यंत माहीत नव्हतं.

त्या कॅसेटींचं आणखी एक मोल आहे. घुमटाच्या मातीच्या भांड्याला पूर्वी घोरपडीचं कातडं चढवत. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं कातडं लावतात, आणि ते योग्यच आहे. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. बाबांच्या जुन्या कॅसेटींवर त्या पूर्वीच्या कातड्याचा खोल, घुमणारा आवाज आहे, आणि नंतरच्या कॅसेटींवर आताचा. दोन्ही त्यांच्याच हातचे.

ज्यांच्याकडे अशा कॅसेटी आहेत त्यांच्यासाठी: आपल्या पावसात टेपवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट चांगल्या प्लेअरमध्ये घालू नका, बुरशी आतल्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटवर जाते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. मग प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाला जोडून ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर उतरवता येतं. ठेवणीची प्रत वेव्ह (WAV) फाइलमध्ये करा, घरच्यांना पाठवायची एमपीथ्रीमध्ये.

म्हापसा

वरच्या ताईंना जोडून थोडं. माझ्या मुलींचं बालपण मिनीडीव्ही टेपांवर (कॅमकॉर्डरच्या छोट्या व्हिडिओ कॅसेटींवर) आहे. तासाभराची टेप संगणकावर उतरवली की साधारण १३ जीबी होते, जागेचा प्रश्न आता राहिलेला नाही. प्रश्न यंत्रांचा आहे. चालू स्थितीतला कॅमकॉर्डर आणि फायरवायरचं तोंड (कॅमकॉर्डरची वायर जोडायची जुनी खाच) असलेला संगणक दोन्ही मिळणं कठीण होत चाललंय. करायचं असेल तर या वर्षीच करा. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे सगळं आपोआप क्रमाने लागतं.

दिवाडी

करमळीच्या तळ्यावर पक्षी बघायला मी आणि लेक जातो. फेरीबोटीतून पलीकडे उतरलं की पुढे तळं जवळच. ती अडई बदकांची चित्रं काढते, मी बाजूला तारीख आणि वेळ घालतो. कमळपक्ष्याची बोटं तिने एवढी लांब काढली होती की मी हसलो, मग दुर्बिणीतून पाहिलं तर खरंच तेवढी लांब. वही तिच्याकडेच असते.

वाडे, सांगे

आमचं मूळ गाव कुर्डी, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. साळावली धरणासाठी गाव उठलं आणि आम्हाला वाडे गावात वसवलं, काहींना वालकिणीला. मे महिन्यात पाणी उतरलं की कुर्डी वर येते आणि सोमेश्वराच्या उत्सवाला आम्ही सगळे तिथे जमतो. हल्ली गाड्या भरून लोक फोटो काढायला येतात. माझ्या मुलींनाही ती जागा आधी तशीच वाटायची, भेगाळलेली जमीन आणि दगड.

मग एका वर्षी मी वडिलांच्या खिशात मोबाइल ठेवला, आवाज चालू करून, आणि मुलींना सांगितलं की आजो जाईल तिकडे जायचं. ते थेट आमच्या जोत्यावर गेले. काठीने जमिनीवर रेघ ओढली: "हांगा रांदचें कूड" (इथे स्वयंपाकघर). मग चार पावलं डावीकडे, गोठा. मुलींनी मोजायला सुरुवात केली. धाकटी विचारू लागली, विहीर कुठे, तू झोपायचास कुठे, रात्री भीती वाटायची का. घरी ज्या प्रश्नांना ते "आतां कित्याक तें" (आता कशाला ते) म्हणून टाळायचे, त्यांची उत्तरं तिथे उभे राहून देत होते. शेजारच्या जोत्यांवर कोणाची घरं होती तेही एकामागून एक सांगितलं. रेकॉर्डिंगमध्ये वारा फार आहे, काही वाक्यं कळतच नाहीत. थोरलीने ते ऐकून ऐकून कागदावर कुर्डीतल्या आमच्या वाड्याचा नकाशा काढला, ज्या घरांची नावं ऐकू आली नाहीत तिथे चौकोन रिकामे ठेवले आणि पुढच्या मेमध्ये कागद घेऊनच आजोबांबरोबर गेली. चौकोन भरत आले. दोन उरले होते, ते वालकिणीच्या एका आजींनी सांगितले.

आता त्या नकाशाच्या प्रती आमच्या नातेवाइकांकडे गेल्या आहेत. मुली उत्सवाला येणाऱ्या इतर म्हाताऱ्यांचंही बोलणं टिपतात.

काणकोण (शिक्षणासाठी मुंबईत)

माझ्या बाबांना रविवारी रांधायची हौस. आजी खतखतें (अनेक भाज्यांचं कालवण) करायची तेव्हा ते फक्त तिचे हात टिपायचे, कारण तिचं माप सगळं हाताचं. खोलीवर मी ते लावून करते. दादरला तेफळं (तिरफळं) मिळतात, सोलं (आमसुलं) घरून आणते. पण चित्रीकरणात भाज्या कोणत्या क्रमाने पडल्या ते दिसतं, का ते कळत नाही. आजी आता नाही, म्हणून चवथीला घरी गेले की बाबांना समोर बसवून मीच रेकॉर्ड करणार आहे. यादी केली आहे. सुरण आधी का घालायचा? तेफळांच्या बिया काढून नुसती सालं पाण्यात किती वेळ ठेवायची? तूरडाळ नसेल तर चालेल का? आणि हे सगळं टिपून ठेवायचं त्यांच्या मनात पहिल्यांदा कधी आलं?