नेफेलोमीटर ९६ म्हणतो, गणित १५०. चुकतंय कोण?

सह्याद्रीकर
डोंगरावरच्या स्टेशनवर डिसेंबरपासून हवेतले कण किती उजेड विखुरतात (स्कॅटरिंग) ते नेफेलोमीटरने मोजतोय. शिवाय एसएमपीएस (बारीक कणांचे आकार मोजणारं यंत्र) आणि एपीएस (जाड कणांचं) यांचे आकार जोडून, गोल कण किती उजेड विखुरतो ते सांगणाऱ्या मी थिअरीने ५५० नॅनोमीटरच्या (हिरव्या) उजेडाचं स्कॅटरिंग गणिताने काढतो (गुस्ताव्ह मी, १९०८. मी नव्हे, मला कुठलं एवढं गणित!). हिवाळ्यात दोन्ही आकडे दहा टक्क्यांच्या आत यायचे. एप्रिलात धुळीचा वारा सुटला आणि बिनसलं. काल दुपारी नेफेलोमीटर ९६ प्रति मेगामीटर (दहा लाख मीटर), गणित १५०. त्यातले ८० एक मायक्रॉनखालचे, ७० जाड कणांचे.

सीओटू आणि फिल्टर हवेवर कॅलिब्रेशन सोमवारीच केलंय, व्यवस्थित आलं. ओल म्हणावी तर ड्रायरमधली सिलिका जेल अजून निळीशार. गाइड म्हणतात, रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (कण उजेड किती वळवतात तो आकडा) १.५३ वरून जरा हलवून बघ. उत्तर बघून इंडेक्स ठरवायचा? मला नाही पटत.

लॅबउंदीर
ओल सोडाच. पाणी पिऊन कण फुगले तर नेफेलोमीटर जास्त दाखवेल, तुमचा तर कमी दाखवतोय.

नेफेलोमीटर टीएसआय ३५६३ आहे ना? तो साधारण ७ ते १७० अंशांतलाच प्रकाश पाहतो. जाड कण बराचसा उजेड नाकासमोर फेकतात, नेमका तोच निसटतो. अँडरसन-ओग्रेनची १९९८ ची दुरुस्ती आहे: ५५० ला यंत्राचा आकडा बारीक कणांसाठी १.०७ ने गुणायचा, सरसकट १.२९ ने. पण तुलनाच करायची तर मी गणितच ७ ते १७० अंशांत करते. जे यंत्राला दिसत नाही ते गणितातही नको.

धुरकट
आणि एपीएसचा व्यास? तो एरोडायनॅमिक असतो, म्हणजे तेवढ्याच वेगाने खाली पडणाऱ्या, घनता १ असलेल्या गोळ्याचा. घनता किती धरलीस?

सह्याद्रीकर
…१. म्हणजे धरलीच नाही.

धुरकट
मग झालं तर! धुळीला २.६ धर, व्यास त्याच्या वर्गमुळाने, १.६ ने भाग. जाड कणांचं स्कॅटरिंग ढोबळमानाने क्षेत्रफळावर जातं, तेव्हा ते ७० सत्तावीसच्या आसपास उतरतील. हिवाळ्यात जाड कण नव्हतेच फारसे, म्हणून चूक खपून गेली.

सह्याद्रीकर
रात्री बसून दोन्ही केलं, कोनांचं आणि घनतेचं. गणित ९२ वर आलं. उरलेले ४ कदाचित धुळीचे कण गोल नसतात त्याचे. त्यांच्यापायी इंडेक्सला हात लावणार नाही. कोडमध्ये 'घनता = १' च्या शेजारी माझ्याच हातची कॉमेंट सापडली: 'नंतर बघू'.