एकाच रेस्टॉरंटबद्दल एक म्हणतो अप्रतिम, दुसरा म्हणतो पुन्हा पाऊल ठेवणार नाही. असं का होतं?

सायली_वाचते

उंची रेस्टॉरंटबद्दलचे अभिप्राय वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. त्याच आठवड्यात, त्याच जागेबद्दल, पुष्कळदा त्याच पदार्थाबद्दल दोन माणसं अगदी विरुद्ध लिहितात. एकाच्या ताटातला मासा लुसलुशीत, दुसऱ्याचा चोथा. एकाला सॉस नेमका वाटतो, दुसऱ्याला खारट. एकाला वाढणारे अदबशीर वाटतात, दुसऱ्याच्या टेबलाकडे २० मिनिटं कुणी फिरकत नाही.

जिथे टेबल मिळायला आठवडे थांबावं लागतं अशा ठिकाणीही हे होतं, त्यामुळे निष्काळजीपणा एवढंच कारण पटत नाही. 'प्रत्येकाची आवड वेगळी' हे उत्तर तर नकोच, कारण चोथा झालेला मासा कुणालाच आवडत नाही. आतल्या बाजूची माहिती असलेल्यांनी सांगावं: नेमकं काय बदलतं? आणि असे उलटसुलट अभिप्राय वाचताना कशावर भिस्त ठेवायची?

ओट्यापलीकडे

दोघंही बहुतेक वेळा खरंच लिहीत असतात. फरक घड्याळात असतो.

७० खुर्च्यांचं रेस्टॉरंट धरा. दर १५ मिनिटांना १० ते १२ माणसं या हिशेबानं आरक्षण घेतलं तर स्वयंपाकघर रात्रभर एका लयीत चालतं. पण बहुतेकांना साडेआठचंच टेबल हवं असतं. त्यात आठचे लोक उशिरा येतात, नऊचे लवकर येतात, आणि २० मिनिटांत ४० माणसांच्या केओटी (ऑर्डरच्या चिठ्ठ्या) एकदम आत पडतात. आचारी तेच, आच तीच, ओटा तेवढाच.

आता पॅनकडे बघा. ४ तुकडे सुटे मावतील अशा पॅनमध्ये घाईनं ७ तुकडे टाकले की पॅन थंड पडतो. माशातून सुटलेलं पाणी उडून जायच्या ऐवजी तळाशी साचतं, आणि पाणी आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या वर चढत नाही. खरपूस रंग यायला १४० च्या आसपास लागतात. म्हणजे मासा भाजला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो. रंग आला नाही म्हणून आचारी आणखी दोन मिनिटं ठेवतो, आणि त्या दोन मिनिटांत आतून कोरडा होतो. साडेसातच्या गिऱ्हाइकाला लुसलुशीत आणि पावणेनऊच्या गिऱ्हाइकाला चोथा, तो असा. तळणीचंही तेच. १८० अंशांच्या तेलात एकदम मोठा घाणा सोडला की तेल १५० पर्यंत उतरतं, कवच धरायला वेळ लागतो आणि पदार्थ तेलकट होतो.

खारट सॉसचं कारण याहून साधं आहे. संध्याकाळी सातला चव घेतली, मीठ बरोबर होतं. मग भांडं मंद आचेवर उघडं राहिलं. दहा वाजेपर्यंत १ लिटरचे ७५० मिली झाले. पाणी उडालं, मीठ होतं तेवढंच राहिलं, म्हणजे खारटपणा एक तृतीयांशानं वाढला. आचाऱ्याला कळत नाही, कारण रात्रभर थोडं थोडं चाखून त्याची जीभही त्या चवीला सरावते. नीट चालणाऱ्या स्वयंपाकघरात सॉस लहान भांड्यात, झाकण ठेवून असतो, दर अर्ध्या तासाला नव्या चमच्यानं चव घेतात, आटला असेल तर बिनमिठाचा स्टॉक (हाडं-भाज्या उकळून काढलेलं पाणी) घालतात. मीठ शेवटी, ताट भरताना घालण्याची शिस्त तर सगळ्यात उत्तम.

तिसरी जागा म्हणजे पास, जिथून ताट तपासून बाहेर जातं. सहा जणांच्या टेबलाची पाच ताटं तयार आणि सहावं अडकलेलं असेल तर पाचही ताटं गरम दिव्याखाली थांबतात. दिव्याखाली पदार्थ जसाच्या तसा राहत नाही. मासा शिजतच राहतो, सॉसवर पापुद्रा धरतो, लोणी आणि अंड्याच्या बलकाचा सॉस जास्त तापला तर फुटतो. चार-पाच मिनिटं पुरतात. खूण सांगतो: ताटाची कड हाताला चटका देते, पदार्थ मधे कोमट आणि सॉसची कड सुकून ताटाला चिकटलेली, असं असेल तर ते ताट दिव्याखाली थांबलेलं होतं.

वाढपी

आतलं वर आलंच आहे, बाहेरचं सांगतो. '२० मिनिटं कुणी फिरकलं नाही' यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: त्या भागात मोठं टेबल लागलेलं असतं.

उंची जागेत एका वाढणाऱ्याकडे साधारण ४ टेबलं असतात. त्यातल्या एकावर दहा जणांचा गट बसला की ऑर्डर घ्यायलाच १०-१२ मिनिटं जातात. दहा जणांची ताटं एकदम यावी लागतात, म्हणजे ग्रिलही तेवढा वेळ त्यांच्याच ताब्यात. शेजारी बसलेल्या दोघांना यातलं काही दिसत नाही. त्यांना एवढंच दिसतं की आपल्याकडे पाठ करून तो उभा आहे.

आणि एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. मुख्य पदार्थ ऑर्डर दिल्याबरोबर शिजायला पडत नाही. तुमचं स्टार्टर तीन चतुर्थांश संपलं की कॅप्टन, म्हणजे वाढणाऱ्यांचा प्रमुख, आत 'फायर' सांगतो, तेव्हा तो आचेवर जातो. कॅप्टन मोठ्या टेबलापाशी अडकला तर हा निरोपच आत पोचत नाही. केओटी तारेवर लटकलेली, आचारी वाट बघतोय, गिऱ्हाईकही वाट बघतंय. म्हणून 'स्वयंपाकघर संथ आहे' हा अभिप्राय पुष्कळदा चुकीच्या माणसाच्या नावावर पडतो. ताटं उचलल्यावर १५ मिनिटांत मुख्य पदार्थ आला नाही तर 'अजून किती वेळ?' असं विचारण्याऐवजी 'आमचा मेन कोर्स फायर झालाय का?' असं विचारा. निरोप द्यायचा राहिला असेल तर या प्रश्नानं तो लगेच लक्षात येतो.

थांबण्याबद्दल आणखी थोडं. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी रांगेत थांबणाऱ्यांच्या मनाबद्दल १९८५ मध्ये मांडलेलं आजही कामाला येतं: रिकाम्या हातांनी थांबणं लांब वाटतं, कारण न कळता थांबणंही लांब वाटतं, आणि मागून आलेल्याला आधी मिळालं तरी तसंच. पहिल्या दोन मिनिटांत पाणी आणि मेनू आला, उशीर होणार हे आधीच सांगितलं, तर २५ मिनिटंही लोक आनंदानं बसतात. तेच न सांगता झालं तर १५ मिनिटांतच चांगलं जेवणसुद्धा बिघडतं.

निवांत_कोपरा

टेबलाची जागाही धरा. एसीच्या झोताखाली ताट लवकर निवतं, स्वयंपाकघराच्या दाराशी सतत ये-जा असते. आणि गोंगाट. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्या आवाजात खाणाऱ्यांना गोड आणि खारट दोन्ही चवी कमी जाणवल्या. तोच पदार्थ शांत कोपऱ्यात नेमका वाटतो आणि मधल्या गजबजाटात सपक वाटू शकतो.

तराजू

वरची कारणं खरी आहेत, पण ती ऐकून रेस्टॉरंटला माफी देऊ नये असं मला ठामपणे वाटतं. उंची जागा ज्याचे जास्त पैसे घेते ते मुख्यतः सातत्याचे. साडेआठला गर्दी होणार हे त्यांना दुपारीच माहीत असतं, आरक्षणाची वही त्यांच्याच हातात असते. पॅन ४ तुकड्यांचा असेल तर दुसरा पॅन तापत ठेवायचा, तोही नसेल तर त्या वेळेची आरक्षणं कमी घ्यायची. ७० खुर्च्या भरता येतात म्हणून ७० भरल्या, हा निर्णय मालकाचा असतो आणि त्याची किंमत पावणेनऊचं गिऱ्हाईक मोजतं.

मोजणंही अवघड नाही. केओटी छापली (मुख्य पदार्थाला 'फायर' सांगितलं) ती वेळ, ताट पासवरून उचललं ती वेळ आणि टेबल आवरलं ती वेळ, या तीन नोंदी आठवडाभर ठेवल्या की घोळ कुठे आहे ते उघडं पडतं. पहिल्या दोन नोंदींतलं अंतर वाढलं तर दोष आत. ते ठीक असून गिऱ्हाइकाचा एकूण वेळ वाढला असेल तर दोष बाहेर.

सायली_वाचते

सगळ्यांचे आभार, 'फायर'बद्दल अजिबात माहीत नव्हतं. एक शंका उरते. एकाच टेबलावर, एकाच वेळी आलेली, एकाच पदार्थाची दोन ताटं वेगळी कशी लागतात? तिथे घड्याळ तर सारखंच आहे.

ओट्यापलीकडे

तिथे तुकडा वेगळा असतो. एका माशाच्या मधल्या भागाचा तुकडा ३ सेंटिमीटर जाड, शेपटीकडचा दीड. वजन सारखं भरावं म्हणून शेपटीकडचा लांब कापतात, म्हणजे तराजूवर दोन्ही १८० ग्रॅम. पण शिजायचा वेळ जाडीवर ठरतो, आणि निम्म्या जाडीच्या तुकड्याला निम्म्याहूनही बराच कमी वेळ पुरतो. दोन्ही एकदम पॅनमध्ये पडले आणि एकदम निघाले तर एक बरोबर आणि एक वाळलेला. चांगला आचारी जाड आधी टाकतो आणि पातळ मागून, किंवा शेपटीचा भाग दुमडून जाडी वाढवतो. काही ठिकाणी शेपटी ताटात देतच नाहीत, सूपकडे वळवतात. मला ते सगळ्यात योग्य वाटतं.

मांसाच्या जाड तुकड्यात आणखी एक भानगड असते. आचेवरून काढल्यावरही आतलं तापमान ३ ते ५ अंशांनी चढत राहतं. ५४ ला काढायचा तो ५८ ला काढला, तर ताटात येईतो मीडियम रेअरचा (आतून लालसर) मीडियम (आतून फिकट गुलाबी) होऊन जातो. आणि ५ मिनिटं विसावू न देता कापला तर रस ताटात सांडतो. ताटात लालसर पाण्याचं थारोळं दिसलं की समजायचं, घाई झाली.

वाढपी

अभिप्राय कसे वाचायचे हे राहिलंच. वार, वेळ, किती जण होते आणि काय मागवलं, या चारपैकी निदान दोन गोष्टी नसतील तर तो अभिप्राय, चांगला असो वा वाईट, बाजूला ठेवा. लिहायला बसतात ते बहुतेक फार खूश झालेले किंवा फार चिडलेले. ठीकठाक जेवून गेलेली मोठी संख्या काही लिहीतच नाही, त्यामुळे टोकं जास्त दिसतात. तक्रारी शनिवारी रात्रीच्याच असतील तर गर्दीचा प्रश्न, मंगळवारी जा. सगळ्या वारी एकाच पदार्थाची तक्रार असेल तर तो पदार्थच मागवू नका. आणि एखाद्या तारखेनंतर सूरच पालटला असेल तर आत माणसं बदलली असण्याची शक्यता मोठी, जुने कौतुकाचे अभिप्राय मग मोजू नका.

आरक्षण गर्दीच्या तासभर आधीचं घ्या. अगदी शेवटचंही नको, तेव्हा ओटे आवरायला घेतलेले असतात आणि सॉस आटलेला असतो. ॲलर्जी असेल तर टेबलावर बसल्यावर नाही, आरक्षण करतानाच सांगा, वेगळा पॅन आणि वेगळी सुरी आधीपासून बाजूला काढता येते.

ताट बिघडलेलं असेल तर पहिल्या दोन घासांतच सांगा आणि नेमकं सांगा: 'मासा मधे कोरडा आहे', 'सॉस खारट आहे'. 'आवडलं नाही' यावरून आत काहीच दुरुस्त करता येत नाही. नवं ताट यायला १० मिनिटं तरी लागतात, तोवर बरोबरच्यांचं जेवण संपतं. म्हणून सांगतानाच विचारा की दुरुस्ती फक्त सॉसची होऊ शकते का. सॉस बदलून ताट ३ मिनिटांत परत येतं, मासा बदलायचा तर पुन्हा पहिल्यापासून.