प्रवासी विमानांच्या उतरणीच्या वाटेखाली उडताना लहान विमानाच्या वैमानिकाने कशावर विसंबावे?

प्रश्न (प्रशिक्षणार्थी वैमानिक):
मी खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी प्रशिक्षण घेत आहे. आमच्या धावपट्टीपासून थोड्याच अंतरावर मोठ्या विमानतळाचे नियंत्रित हवाई क्षेत्र सुरू होते. गेल्या आठवड्यात त्याच्या तळमर्यादेखालून (ते क्षेत्र ज्या उंचीपासून वर सुरू होते, तिच्या खालून) एकटा उडत असताना एक प्रवासी विमान माझ्या वरून इतक्या जवळून गेले, की त्याची चाके मला स्पष्ट दिसली. मी हद्द ओलांडली नव्हती, हे नंतर नोंदी पाहून पक्के केले. खाली उतरल्यावर एका जुन्या वैमानिकाने धीर दिला, की "त्यांच्याकडे टीकॅस (टक्कर टाळण्यासाठी वैमानिकाला इशारा देणारी यंत्रणा) असते, तू त्यांना दिसतोसच." हे कितपत खरे आहे? नजरेच्या भरवशावर उडणाऱ्याने आपल्या बाजूने नेमके काय करायला हवे?

उत्तर (प्रवासी विमानाचा वैमानिक):
ते विधान अर्धेच खरे आहे, आणि उरलेला अर्धा भाग तुमच्या हातात आहे. टीकॅस स्वतः काहीही पाहत नाही. ते आसपासच्या विमानांतील ट्रान्सपॉन्डरना (रेडिओ संकेताला आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणांना) प्रश्न विचारते आणि येणाऱ्या उत्तरांवरून अंतर, उंची व जवळ येण्याचा वेग ठरवते. तुमचा ट्रान्सपॉन्डर बंद असेल, तर आमच्या पडद्यावर तुम्ही अस्तित्वातच नसता. तो चालू असूनही उंची पाठवत नसेल, तर आम्हाला फार तर सावधगिरीची सूचना मिळते; पण "वर चढा" किंवा "खाली उतरा" हा आदेश मिळत नाही, कारण टीकॅसचे आदेश केवळ उंची बदलण्याचे असतात आणि तुमची उंची कळल्याशिवाय ते देताच येत नाहीत.

३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस येथे एरोमेक्सिकोचे डीसी-९ प्रवासी विमान आणि एक लहान पायपर विमान यांची टक्कर होऊन जमिनीवरच्या १५ जणांसह ८२ माणसे मृत्युमुखी पडली. पायपर परवानगीविना नियंत्रित क्षेत्रात शिरले होते आणि त्याचा ट्रान्सपॉन्डर उंची कळवत नव्हता. डीसी-९ वर तेव्हा टीकॅस नव्हते; पण असते, तरी त्या पायपरबाबत त्याने टाळण्याचा आदेश दिला नसता. अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांना टीकॅस आणि गजबजलेल्या विमानतळांभोवती लहान विमानांना उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डर, या दोन्ही सक्ती त्यानंतर आल्या, कारण एकीवाचून दुसरी अपुरी आहे.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. जमिनीपासून सुमारे १,००० फुटांखाली टीकॅसचे आदेश मुद्दाम रोखलेले असतात. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची धडक झाली, ती सुमारे ३०० फुटांवर. तेवढ्या उंचीवर ही यंत्रणा आदेश देऊ शकत नाही. त्या दुर्घटनेत ६७ जण गेले.

उत्तर (उड्डाण प्रशिक्षक):
मला नजरेविषयी लिहायचे आहे, कारण शिकवताना "बाहेर पाहा" एवढेच सांगून आपण थांबतो, याची मला खंत वाटते. गणित मांडून पाहा. प्रवासी विमान २५० नॉट (ताशी सागरी मैल) आणि तुम्ही १०० नॉट वेगाने समोरासमोर येत असाल, तर अंतर दर सेकंदाला सुमारे १८० मीटरने घटते. विमान दिसणे, ते ओळखणे, धोका समजणे, निर्णय घेणे आणि आपले विमान प्रत्यक्ष वळणे यांत मिळून साधारण साडेबारा सेकंद जातात, असे प्रशिक्षणात मानले जाते. म्हणजे सव्वादोन किलोमीटरवर तुम्ही एकमेकांना पाहिलेच पाहिजे. त्या अंतरावर तुमच्या सेसनासारख्या लहान विमानाचे ११ मीटरचे पंख त्यांना पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहून किंचित अधिक रुंदीचे दिसतात, आणि तेही एका बारीक रेषेसारखे.

त्यातून खरी फसगत अशी, की ज्या विमानाशी टक्कर होणार असते ते काचेवर जागचे हलत नाही. आपला डोळा हालचाल टिपण्यात तरबेज आहे, पण स्थिर ठिपका त्याच्या हातून निसटतो. तो ठिपका बराच वेळ तेवढाच राहतो आणि अखेरच्या काही क्षणांत एकदम मोठा होतो. म्हणून नजर सरसर फिरवू नका. आकाशाचे दहा-दहा अंशांचे तुकडे करून प्रत्येकावर किमान एक सेकंद थांबा. ज्या विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यात वळण्यापूर्वी त्या बाजूचा पंख थोडा उचलून पलीकडे पाहा.

उत्तर (निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक):
वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती "विमान दिसले" या शब्दांची. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन दिएगोत पीएसए या विमान कंपनीच्या बोइंग ७२७ च्या वैमानिकांना पुढे असलेल्या सेसना १७२ ची माहिती दिली होती, ते दिसल्याचे त्यांनी कळवलेही होते, आणि म्हणून नजरेने अंतर राखण्याची जबाबदारी त्यांच्याकडे गेली. नंतर सेसना दिसेनासे झाले, पण ही गोष्ट नियंत्रकापर्यंत निःसंदिग्धपणे पोहोचली नाही. वरून उतरणाऱ्या ७२७ ने सेसनाला गाठले आणि १४४ जीव गेले. तेव्हा एकदा दिसलेले विमान नजरेआड होताच तेवढेच तीन-चार शब्द ताबडतोब रेडिओवर सांगा. त्यात कमीपणा नाही. ते ऐकल्यावरच नियंत्रक पुन्हा काही करू शकतो.

तुम्ही हद्दीबाहेर होता, तरीही जवळच्या नियंत्रकाशी संपर्क साधून वाहतुकीची माहिती मागायला हवी होती. कामाच्या ताणामुळे तो कधी नाही म्हणेल, पण तुमचा आवाज आणि इरादा त्याच्या ध्यानात राहील.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. माझा ट्रान्सपॉन्डर उंची पाठवत होता, मात्र मी रेडिओवर केवळ आमच्या धावपट्टीची वारंवारिता ऐकत होतो. तळमर्यादेच्या १०० फूट खाली उडणे नियमात बसत असेल, तर तेही टाळावे का?

उत्तर (निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक):
होय, टाळावे. हद्दीची रेषा नकाशावर असते. त्या रेषेच्या थोडे वर प्रवासी विमान असू शकते, आणि हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या तुमच्या उंचीमापकात दाब चुकीचा लावलेला असेल तर तुम्ही नकळत आतही गेलेले असाल. शिवाय वेगाने उतरणारे विमान तुमच्या वर सुरक्षित उंचीवर थांबणार असले, तरी टीकॅसला त्याचा हेतू ठाऊक नसतो. ते दोघांच्या वेगांवरून हिशेब करून त्याला एकाएकी वर चढण्याचा आदेश देऊ शकते. जागा असेल तेथे मर्यादेपासून किमान ५०० फूट खाली राहा, उतरणीची वाट काटकोनात ओलांडा आणि दिवसाही दिवे चालू ठेवा.