गेम खेळताना लॅपटॉप अडखळतो, पॉवर सेटिंग कशी ठेवावी?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी गोव्यात फोंड्याला राहतो. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, विंडोज ११ आहे. चार्जर लावलेला असतो, व्हॅलोरंट हा शूटिंग गेम सुरुवातीला झकास चालतो, मग एकदम फ्रेम (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) पडतात आणि नेमका समोर कोणी आला की चित्र अडकतं. टास्क मॅनेजर उघडून बघितलं, तर त्याच वेळी प्रोसेसरचा वेग ४ गिगाहर्ट्झच्या आसपासवरून २ च्या खाली येतो.

पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवला, ग्राफिक्स सेटिंगमध्ये गेमला 'हाय परफॉर्मन्स' दिलं. फारसा फरक नाही. मग 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के केलं. त्याने टर्बो बूस्ट, म्हणजे गरजेला प्रोसेसरने आपोआप वाढवलेला वेग, बंद होतो. तापमान लगेच उतरलं, अडकणं थांबलं, पण एकूण फ्रेम घटल्या. म्हणजे मूळ दुखणं उष्णतेचंच, असं माझं मत झालंय. त्यात आपल्याकडची दमट हवा, आणि खोलीत एसी नाही.

टर्बो चालू ठेवून प्रोसेसरची वॅट मर्यादा (तो जास्तीत जास्त किती वीज घेईल ती) खाली आणणं जास्त बरं का? लॅपटॉपसोबत आलेल्या ॲपमधला मोड आणि विंडोजचा पॉवर मोड, दोघांत कोणाचं चालतं? वीज गेली की बॅटरीवर फ्रेम निम्म्यावर येतात, तिथे काही करता येतं का?

चवथीला चुलतभाऊ येणार आहेत, त्याआधी हे मार्गी लावायचंय. म्हापसा किंवा पणजीत थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारा लेप) नीट बदलून देणारं दुकान कोणाच्या माहितीत असेल तर तेही सांगा.