असेसमेंटचं बिल: तुमच्या घराचं काय झालं ते लिहा

खजिनदारबाई, बोरिवली

गेल्या वर्षी एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, कोणीच हात वर करेना म्हणून मी सोसायटीची खजिनदार झाले. वॉचमनचा पगार, लिफ्टच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट, टँकर हे सगळं दोन महिन्यांत अंगवळणी पडलं, पण असेसमेंटचं, म्हणजे मालमत्ता कराचं, बिल हातात आलं आणि तीन रात्री मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. त्यातून जे बाहेर आलं ते लिहितेय, आणि सगळ्यांना विनंती की तुमचंही लिहा. किती भरलं, कुठे अडलं, कसं सुटलं, सगळं.

आमच्याकडे 32 फ्लॅट. त्यातले 19 छोटे, वन आरके नाहीतर वन बीएचके, 500 फुटांच्या आतले. बाकी 13 टू बीएचके, 610 फुटांचे. बिल अख्ख्या बिल्डिंगचं एकच येतं, सोसायटीच्या नावाने, सहा महिन्यांचं. मागचं 1,18,300 रुपये. आधीची कमिटी सरळ भागिले 32 करायची, म्हणजे प्रत्येकी साधारण 3,700, आणि मेंटेनन्समध्ये टाकून द्यायची. आता मुंबईत 500 चौरस फूट कार्पेटपर्यंतच्या (कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली जागा) राहत्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर पूर्ण माफ आहे हे सगळ्यांना माहीत आहे, बातम्यांमध्ये आलं होतं, पेढे वाटले होते आमच्याकडे. तरी छोट्या घरांच्या मेंटेनन्सच्या बिलातला आकडा काही हलला नाही आणि कोणी विचारलंही नाही.

मी पालिकेच्या ऑफिसातून फ्लॅटवार तक्ता काढून आणला. 19 घरांसमोर शून्य. 13 घरांसमोर प्रत्येकी 9,100. म्हणजे माफी मिळालेली होती, आमच्या बिल्डिंगमध्ये ती वाटताना हरवली.

ग्राउंड फ्लोअरच्या आजींनी एप्रिल 2022 पासूनच्या सहा बिलांत मिळून जवळपास 22 हजार रुपये भरलेत. एकट्या राहतात, पेन्शनवर. त्यांना हे सांगताना माझा आवाज फुटेना. आणि दुसऱ्या बाजूला टू बीएचकेवाले काका, तेही रिटायर्ड, त्यांचे 3,700 चे एकदम 9,100 होणार, ते म्हणाले की बाई तुम्ही आल्या आणि टॅक्स अडीचपट झाला. चूक त्यांचीही नाही. सोसायटीच्या उपविधींमध्ये, म्हणजे नियमावलीत, लिफ्ट, वॉचमन, ऑफिसखर्च हे सेवाशुल्क सगळ्यांना सारखं वाटायचं असतं आणि मालमत्ता कर मात्र पालिकेने त्या त्या घराला जसा लावलाय तसाच घ्यायचा असतो, पण दोन्ही एकाच छापील बिलात येतात म्हटल्यावर कोण बघतंय. मागचे पैसे परत द्यायचे का, कोणाकडून घेऊन द्यायचे, यावर रविवारी स्पेशल मीटिंग लावली आहे. कोणाकडे असं झालं असेल तर प्लीज सांगा.

कांदिवली_395

आमचं 395 फूट. बिल शून्याचं येतं. एवढंच सांगायचंय की शून्याचं बिल रद्दीत टाकू नका, बहिणीने घर विकायला काढलं तेव्हा समोरच्याच्या बँकेने शेवटचं असेसमेंट बिल मागितलं आणि ते शोधता शोधता पंधरा दिवस गेले.

मुलुंडकर

खजिनदारताई, तुमच्यासारखंच, पण आमच्यात दोष आमचाच. वडील डॉक्टर होते, फ्लॅटच्या पुढच्या खोलीत दवाखाना चालवायचे. 2011 ला ते गेले, दवाखाना बंद झाला, त्या खोलीत आता माझ्या मुलीचं अभ्यासाचं टेबल आहे. बिल दरवर्षी यायचं, जास्त वाटायचं, पण मुलुंड म्हणजे आता महागच झालंय असं म्हणून आम्ही भरत गेलो.

गेल्या गणपतीत भावाचं बिल आणि माझं बिल असंच शेजारी शेजारी ठेवलं. त्याचं घर माझ्यापेक्षा मोठं, तरी टॅक्स कमी. मग एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर, हे दोघांच्याही बिलात. माझ्यात एक ओळ जास्त होती, रोजगार हमी उपकर. हा उपकर राहत्या घराला लागत नाही, दुकान, ऑफिस, दवाखाना अशा अनिवासी जागेलाच लागतो. म्हणजे कागदोपत्री बाबांचा दवाखाना अजून चालूच होता. मला तिथेच भरून आलं, टॅक्सचं राहिलं बाजूला.

अर्ज दिला, सोसायटीचं पत्र, बाबांचा मृत्यूचा दाखला, लाइट मीटर घरगुती असल्याचं बिल. एक माणूस येऊन खोली बघून गेला. चार महिने लागले, दोनदा चक्कर मारली, पण निवासी करून मिळालं, पुढच्या तारखेपासून. मागच्या बारा-तेरा वर्षांचं काही मिळालं नाही, ते मी सोडून दिलंय. पण घरात कधीही क्लास, पार्लर, दवाखाना, सीएचं ऑफिस असं काही होतं आणि बंद झालं, तर त्याच महिन्यात कळवा. आपोआप काही बदलत नाही.

दादर_पागडी

आमची चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, 1940 च्या आधीची. पागडीवाल्यांकडे, म्हणजे एकरकमी पागडी देऊन राहणाऱ्या जुन्या भाडेकरूंकडे, बिल येतच नाही, मालकाकडे येतं. मालकाचा माणूस दर वर्षी एक चिठ्ठी आणायचा, "वाढीव टॅक्स" आणि आकडा, बस. आई विचारायची तर म्हणायचा पावती दिली ना. मी मालमत्ता खाते क्रमांक कसाबसा मिळवला, एका जुन्या पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला होता, पंधरा आकडी, आणि ऑनलाइन बिल काढलं. खाली तीन दुकानं आहेत, टॅक्सचा मोठा भाग त्यांचा निघाला, आणि वाटणी मात्र भाडेकरूंच्या डोक्यावर खोलीगणिक सारखी. शिवाय त्यात दुरुस्ती उपकरही दिसला, तो पालिका गोळा करते पण जातो म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे. आम्हाला वाटायचं सगळाच टॅक्स.

नऊ भाडेकरूंनी मिळून सह्यांचं पत्र दिलं की बिलाची झेरॉक्स लावल्याशिवाय वाढीव रक्कम देणार नाही, नेहमीचं भाडं देत राहू. भाडं थांबवू नका हं, ते थांबवलं की आपणच अडकतो. सध्या झेरॉक्स येते. वाटणीवरून बोलणं चालू आहे.

लालबाग ते टॉवर

तुम्हा सगळ्यांचं वाचतोय. आमचं वेगळं. 180 फुटांच्या खोलीत पाच जण वाढलो, वडील गिरणीत होते. रिडेव्हलपमेंटमध्ये 500 फूट फुकट मिळत होते, वरचे 45 फूट आम्ही पैसे भरून घेतले, कारण आईची इच्छा होती की देवघराला वेगळा कोपरा हवा. कोणीही सांगितलं नाही की 500 च्या वर गेलं की माफी जाते आणि टॅक्स त्या वरच्या 45 फुटांवर लागत नाही, अख्ख्या 545 वर लागतो. शेजारच्या बिऱ्हाडाने बरोबर 500 घेतलं, त्यांना शून्य. वरळीच्या बीडीडी चाळवाल्यांना 160 ची खोली जाऊन 500 फुटांचंच घर मिळालंय, त्यामुळे ते माफीत बसतात, हे मला नंतर कळलं.

आणि टॅक्स भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला त्या भागातल्या जागेचा) दर, क्षेत्रफळ, बांधकाम कसं, वय किती, वापर कोणता, मजला कितवा, असं सगळं गुणून. बिल्डिंग नवी म्हणून वयाची सूट नाही, एरिया लालबाग म्हणून दर तगडा. घरातले लोक तेच, पगार तेच, फक्त खालची जमीन महाग. आई आता देवघरात दिवा लावताना मला विचारते, ह्याच्यामुळे जास्त भरावं लागतं का रे. मी नाही म्हणतो.

जे आता बिल्डरबरोबर करार करतायत त्यांनी चौरस मीटरमध्ये आकडा बघा. 46.45 चौरस मीटर म्हणजे 500 फूट. त्याच्यावर जायचं तर डोळे उघडे ठेवून जा.

अजून एक. आमच्या बिल्डरने बांधकाम चालू असतानाचा जमिनीचा टॅक्स थकवला होता, थकबाकीवर महिन्याला 2 टक्के दंड चढतो, आणि सोसायटी ताब्यात घेतल्यावर ती नोटीस आमच्या नावाने आली. ताबा घ्यायच्या आधी नो ड्यूज, म्हणजे थकबाकी नसल्याचं पत्र, मागा, कितीही घाई असो.

माटुंगा, निवृत्त

मी स्वतः नोकरीत असताना असल्या कागदांत आयुष्य घालवलं म्हणून थोडं लिहितो. 2010 च्या एप्रिलपर्यंत कर करयोग्य मूल्यावर, म्हणजे घर भाड्याने दिलं तर किती येईल या अंदाजावर होता. म्हणून दक्षिण मुंबईतल्या जुन्या घरांना कमी आणि उपनगरातल्या नव्या घरांना जास्त अशी विषमता होती. मग भांडवली मूल्य आलं, ते दर पाच वर्षांनी सुधारायचं असतं. जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, तेव्हापासून पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नात या कराचं वजन वाढलं. 2023 च्या डिसेंबरात वाढीव बिलं निघाली, ओरड झाली, मग मागे घेतली गेली. त्यामुळे पुष्कळ लोकांकडे एकाच काळाची दोन वेगवेगळी बिलं आहेत. कुठलं भरलं त्याची पावती त्याच बिलाला टाचून ठेवा.

मोकळ्या जमिनीचं मूल्य पुढे किती एफएसआय (त्या जमिनीवर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण) मिळू शकेल त्यावर धरायचं, हे नियम मुंबई उच्च न्यायालयाने 2019 ला रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये तो निकाल कायम केला. लालबागवाल्यांच्या सोसायटीने थकबाकीचा हिशोब कुठल्या नियमाने केलाय हे वकिलाला जरूर दाखवावं.

आणि कळकळीने सांगतो, भांडवली मूल्य बदलल्याची स्पेशल नोटीस आली तर पाकिटावर त्याच दिवशी तारीख घाला. हरकतीला 21 दिवस असतात. लोक नोटीस कपाटात ठेवतात आणि बिल आलं की धावतात. बिलावरचं अपील धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात जातं आणि तिथे वादातली रक्कम आधी भरावी लागते, ते सामान्य माणसाला झेपत नाही. हरकत मात्र साध्या कागदावर देता येते.

अंधेरी_सात_बंगले

माटुंगाकाका, खूप आभार, आमचंही हरकतीनेच सुटलं. पालिकेच्या रेकॉर्डवर बिल्टअप, म्हणजे भिंतींसकटचं क्षेत्रफळ, लिहिलेलं, 560 फूट. करारनाम्यात कार्पेट 466. मी करारनामा आणि मंजूर नकाशा जोडून दिला, मोजणीला माणूस आला, टेप धरून भिंत ते भिंत मोजलं, मी स्वतः दुसरं टोक धरलं होतं. आता माफीत बसलोय. जे 500 ते 600 च्या मध्ये दाखवतायत त्यांनी आधी हे तपासाच, बिलात चौरस मीटर असतात, ते 10.764 ने गुणा आणि करारनाम्याशी ताडून बघा.

खजिनदारबाई, बोरिवली

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. मीटिंग झाली कालच. अडीच तास. मुलुंडकरांचं सांगितलं, दादरचं सांगितलं, मग जरा आवाज खाली आले. ठरलं ते असं: ह्या बिलापासून तक्त्याप्रमाणे, तक्ता नोटीस बोर्डावर. मागचं 19 घरांना देणं आहे हे मिनिट्समध्ये लिहून घेतलं, टू बीएचकेवाल्यांनी ते आठ हप्त्यांत द्यायचं. दोघे अजून तयार नाहीत. टू बीएचकेवाल्या काकांचे हात मीटिंगभर थरथरत होते, पण पहिली सही त्यांनीच केली. त्यांच्यासाठी हप्ते अजून लहान करता येतात का बघतेय.

आजी शेवटपर्यंत थांबल्या. त्यांनी पैशांचं काही विचारलं नाही, तक्त्याची झेरॉक्स मागितली. त्यांच्या फ्लॅट नंबरपुढचं शून्य पेनने गोल करून घेतलं माझ्याकडून, आणि रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलं.